मातृवंशाचा धागा आणि जातीची भिंत

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा वसतिगृहाच्या आरंभीच्या दिवसांविषयी लिहावे, असे प्रथम मनात होते. परंतु त्याच आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला आणि विषय बदलला. हा विद्यार्थी आता पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. थुंकीचा नमुना पाठवून त्याने स्वतःची डीएनए चाचणी करून घेतली होती. त्याचा मातृवंश ‘एम’ या शाखेतला आहे, असे अहवालात नमूद होते. “सर, आपण साठ हजार वर्षांपासूनचे इथले. आता पुरावाच हाती आला. बाकीचे सगळे बाहेरून आलेले,” असे तो मोठ्या आनंदाने सांगत होता.

त्याचा आनंद मला समजत होता. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता आले नाही, त्यांना ही भूमी आपली असल्याचा दाखला कुठूनही मिळाला तरी तो मोलाचा वाटणारच. तरीही मी त्याच्या म्हणण्याला लगेच मान डोलावली नाही. “तुला सविस्तर लिहून कळवतो,” एवढेच म्हणालो. त्याच्यासारखा विचार करणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत, म्हणून ते उत्तर स्मरणिकेतूनच सर्वांपुढे ठेवीत आहे.

मातृवंश म्हणजे काय, हे आधी पाहू. दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा आहे. आपल्या पेशीच्या केंद्रकातील डीएनए आई आणि वडील या दोघांकडून येतो आणि दर पिढीत त्याची सरमिसळ होते. परंतु पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या तंतुकणिका असतात, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो १६,५६९ अक्षरांचा आहे आणि तो केवळ आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो मिळतो. पुढच्या पिढीला मात्र तो मुलीच देते. आपल्या हजेरीपटावर आडनाव बापाकडून येते, तसा हा वारसा मायकडून, मायच्या मायकडून आणि तिच्याही मायकडून येतो. हजारो वर्षांत एखादे अक्षर बदलते. त्याला उत्परिवर्तन म्हणतात. ज्यांच्यात तोच बदल आढळतो, त्या सर्वांची कोणी एक समाईक आई होती, असे अनुमान निघते. अशा बदलांवरून शास्त्रज्ञ माणसांच्या मातृशाखा ठरवतात आणि त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात.

१९८७ साली अमेरिकेतील रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या तीन संशोधकांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील वंशाच्या १४७ व्यक्तींच्या या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे बहुतेक नमुने बाळंतपणानंतर मिळणाऱ्या वारेतून घेतलेले होते. आपल्याकडे अनेक गावांत सुईणीचे काम मातंग आणि महार समाजातील स्त्रियांकडे असे. ज्या हातांनी बाळाची नाळ कापली आणि वार पुरली, ते हात विटाळाचे ठरवले गेले. त्याच वारेने मानवजातीचा इतिहास उलगडावा, ही गोष्ट मला वर्गात सांगताना नेहमीच अर्थपूर्ण वाटते. आज जिवंत असलेल्या सर्व माणसांच्या मातृरेषा मागे जात जात सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील एका स्त्रीपाशी मिळतात, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. ती स्त्री त्या काळी एकटी नव्हती. तिच्यासोबत इतर अनेक स्त्रिया होत्या. परंतु त्यांच्या अखंड मातृरेषा आजवर टिकल्या नाहीत.

आफ्रिकेतील शाखांना ‘एल’ हे अक्षर दिलेले आहे. त्यांपैकी ‘एल ३’ या शाखेतून ‘एम’ आणि ‘एन’ या दोन महाशाखा निघाल्या. आफ्रिकेबाहेरील जवळजवळ साऱ्या मानवजातीचा मातृवंश या दोहोंतच सामावतो. ‘एम’चा उगम सुमारे ५० ते ७० हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. भारतात निम्म्याहून अधिक, साधारणपणे साठ टक्के लोक याच महाशाखेतले आहेत आणि तिच्या जितक्या प्राचीन उपशाखा भारतात सापडतात, तितक्या क्वचितच अन्यत्र सापडतात. ‘एम २’ ही त्यांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील (सीसीएमबी) के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अंदमानातील ओंगे आणि ग्रेट अंदमानी लोकांमध्ये ‘एम ३१’ आणि ‘एम ३२’ या शाखा दाखवून दिल्या. याच महाशाखेचे धागे पुढे चीन, जपान, आग्नेय आशिया, पापुआ आणि ऑस्ट्रेलियात गेले. तिच्या ‘सी’ आणि ‘डी’ या उपशाखा तर सायबेरियातून अमेरिकेत उतरल्या आणि तेथील मूळ रहिवाशांत आजही आहेत. आजच्या युरोपात ‘एम’ जवळजवळ नाही. परंतु बेल्जियम आणि फ्रान्समधील हिमयुगापूर्वीच्या सांगाड्यांत ती २०१६ साली सापडली. म्हणजे ‘एम’ ही एखाद्या जातीची, धर्माची अथवा देशाची मालमत्ता नाही. पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्याचे नाते या शाखेमुळे जपानी शेतकऱ्याशी आणि अमेरिकेतील आदिवासीशीही जुळते.

भारतात ही शाखा कोणाकोणात आहे, हा आपल्या दृष्टीने कळीचा प्रश्न. एस्टोनियातील टूमास किविसिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत भारतीय संशोधकही होते, २००३ साली दाखवून दिले की, येथील पहिल्या रहिवाशांचा मातृवारसा आदिवासींत आणि सर्व जातींत सारखाच टिकून आहे. प्रमाण थोडेफार बदलते, मूळ साठा तोच राहतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर थंगराज यांच्या गटाने २०१० साली येथील दोन प्रमुख आदिवासी समाजांतील १८५ व्यक्तींचा मातृवंश आणि ९८ पुरुषांचा पितृवंश तपासला. मातृवंश प्रामुख्याने दक्षिण आशियाई निघाला. पितृवंशात मात्र पश्चिम आशियातून आलेल्या पुरुषांच्या खुणा आढळल्या. त्यांनी शेजारच्या राज्यांतील ५४ समाजांशी तुलना केली तेव्हा महाराष्ट्रातील लोकांचे नाते मध्य भारतापेक्षा दक्षिण भारताशी अधिक जवळचे दिसले. इराणातून आल्याचे अभिमानाने सांगणाऱ्या पारशी समाजातही मातृवंशाचा मोठा भाग दक्षिण आशियाचाच आहे. पुरुष दुरून आले तरी त्यांच्या लेकरांच्या आया पुष्कळदा इथल्याच होत्या.

यावर आपले काही कार्यकर्ते म्हणतील, “मग आमचे म्हणणे खरेच ठरले. उच्चवर्णीयांचे बाप परदेशी!” या मताच्या समर्थनार्थ मायकेल बामशाद यांच्या २००१ सालच्या लेखाचा उल्लेख सभांमधून वारंवार होतो. आंध्रातील जातींवरील त्या अभ्यासात उच्च जातींचा पितृवंश युरोपीयांना अधिक जवळचा दिसला होता, हे खरे आहे. २०१९ सालच्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासांतूनही, इसवी सनापूर्वी २००० नंतर गवताळ प्रदेशातील पशुपालक भारतात आले आणि त्यांचा अंश काही पुरोहित जातींत अधिक आहे, असे दिसून आले. इतिहासाचा शिक्षक म्हणून हे मी लपवणार नाही. तथापि तो अंश कमी-अधिक प्रमाणात भारतातील बहुतेक समाजांत आहे, आपल्यातही आहे. जिथे सारेच मिश्र आहेत, तिथे अमुक शुद्ध देशी आणि तमुक शुद्ध परदेशी, अशी रेघ ओढता येत नाही.

शिवाय ‘एम’ म्हणजे मूळचा आणि बाकीचा उपरा, हे समीकरणही चुकीचे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढी येथे सापडलेल्या सिंधू संस्कृतीतील एका स्त्रीचा डीएनए २०१९ साली प्रसिद्ध केला. तिच्यात गवताळ प्रदेशातील लोकांचा अंश मुळीच नव्हता आणि तरीही तिचा मातृवंश ‘एम’ नव्हता. तो ‘यू २ बी २’ होता, म्हणजे दुसऱ्या महाशाखेतला. तीही शाखा इथलीच आहे आणि आजही आपल्यात आहे. अक्षर पाहून कोणाला नागरिकत्व द्यायचे ठरवले, तर राखीगढीच्या त्या माउलीलाच आपण वेशीबाहेर उभे करू.

या बाबतीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका काय होती, हे आपण फारसे वाचत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. भारतात अनेक वंशांचे लोक आले, मिसळले आणि त्यांच्यातून सांस्कृतिकदृष्ट्या एकजिनसी समाज घडला. त्या एकसंध समाजाचे तुकडे जातीने केले आणि तिचे मर्म स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, हा त्या निबंधाचा गाभा आहे. त्या काळी हर्बर्ट रिस्ले यांच्यासारखे अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचे वंश ठरवीत होते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिसंहार’मध्ये, १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आणि १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात हा वंशसिद्धान्त पुन्हा पुन्हा तपासला आणि फेटाळला. नाकाच्या त्याच मोजमापांचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी दाखवून दिले. बाहेरून आलेले आणि जिंकलेले, असे सोपे उत्तर त्यांच्याही हाताशी होते. समाजाला चेतवण्यास ते उपयोगी पडले असते. तरी त्यांनी ते स्वीकारले नाही, कारण ते खरे नव्हते. रिस्लेची मोजपट्टी त्यांनी नाकारली असताना आपण प्रयोगशाळेतून आणलेली नवी मोजपट्टी त्यांच्याच नावाने मिरवावी काय?

भिंत नेमकी केव्हा उभी राहिली, याचेही उत्तर आता मिळू लागले आहे. २०१३ साली प्रिया मूरजानी आणि थंगराज आदी संशोधकांनी ७३ समाजांच्या अभ्यासातून दाखवले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात सर्व थरांतील लोक एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ही प्रक्रिया थांबली. २०१६ साली पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी ही बंदी सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वीची, म्हणजे साधारण गुप्तकाळातील ठरवली. आफ्रिकेतून निघाल्यापासूनच्या प्रवासापुढे दीड-दोन हजार वर्षे म्हणजे काहीच नव्हे. परंतु तेवढ्या काळात ही भिंत इतकी पक्की झाली की ती आता डीएनएमध्ये दिसते. लहान गटांतच लग्ने होत राहिल्याने काही आनुवंशिक आजार पिढ्यानपिढ्या त्या त्या समाजात साठून राहिले, हेही संशोधकांनी नोंदवले आहे.

आपल्या परिसरातील शिलालेखांत या घडामोडीची चाहूल लागते. कन्नड तालुक्याच्या डोंगरातील पितळखोरा लेण्यांत पैठणच्या दात्यांची नावे आहेत. तेथील एका लेखात वच्छीपुत्र मगिल या राजवैद्याच्या कन्येचे दान नोंदले आहे. वैद्याची ओळख त्याच्या आईच्या नावाने आणि दान लेकीच्या नावाने! पैठणचे सातवाहन राजेही गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे लावीत. यावरून तो काळ मातृसत्ताक होता, असे समजू नये. राज्य बापाकडून मुलाकडेच जात होते. परंतु आईचे नाव दगडात कोरण्याची लाज नव्हती. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. या राजमातेने भिक्खूसंघाला लेणे दान दिले आणि आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून ठेवली. त्या थोरवीत त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, असेही म्हटले आहे. थांबवल्याचा गौरव करावा लागतो, याचा अर्थ संकर चालू होता. आईच्या नावाने ओळखला जाणारा पुत्र वर्णांची सरमिसळ रोखल्याचे श्रेय घेतो आणि ते श्रेय त्याची आईच कोरविते, हा विरोधाभास एम. ए.ला शिकत असताना मला जाणवला होता. त्याचा पूर्ण अर्थ १९१६चा निबंध वाचल्यावर कळला. जात टिकवायची तर स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी त्या पहाऱ्यातून आल्या, असे बाबासाहेब सांगतात. जातीच्या भिंतीची पहिली कैदी आईच आहे.

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच विचारला होता. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात जन्मश्रेष्ठतेचा दावा करणाऱ्या सात ऋषींची कथा येते. असित देवल त्यांना विचारतो की, तुमची आई आणि तिच्या मागच्या सात पिढ्यांतील आया केवळ ब्राह्मणांकडेच गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? ते म्हणतात, ठाऊक नाही. तर मग आपण कोण आहोत हे तरी तुम्ही जाणता काय? त्यांना तेही सांगता येत नाही. या प्रश्नाचा रोख कोणाच्या आईच्या शीलावर नाही. शुद्ध रक्ताचा दावा करणारा माणूस आपल्याच पणजीविषयी काहीही जाणत नसतो, एवढेच त्यातून दाखवायचे आहे. आज सात पिढ्या कशाला, दोन हजार पिढ्या मागे जाता येते, आणि तिथे शुद्धता सापडत नाही, फक्त आया सापडतात.

आणखी एक गोष्ट आपल्या नागसेनवनाशी निगडित आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले आणि त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा यवन, म्हणजे ग्रीक राजा होता. परकीय असणे हाच दोष मानला, तर आपल्या अत्यंत लाडक्या संस्थेचे नावही आपल्याला पुसावे लागेल. त्या मिलिंदाला भन्ते नागसेनांनी विचारले होते की, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? डीएनए अहवालालाही हाच प्रश्न लागू पडतो. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशवृक्षात १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. मातृवंशाचा धागा त्यांपैकी एकाच स्त्रीकडून आलेला असतो. रथाचा एक खिळा हाती घेऊन हाच मी, असे कसे म्हणता येईल?

“रक्तात जात नाही, तर आरक्षण तरी कशाला?” असे या विवेचनावरून कोणी म्हणेल. त्याला स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. जात डीएनएत नव्हती; ती विहिरीवर होती, जमिनीच्या सातबाऱ्यावर होती, शाळेच्या उंबऱ्यावर होती आणि विवाहात आजही आहे. आरक्षण वेगळ्या वंशाचे म्हणून मिळालेले नाही. ते माणसांनी माणसांवर केलेल्या अन्यायाची भरपाई आहे. उलट, अन्याय झाला तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच आईची लेकरे होती, हे कळल्यावर त्या अन्यायाची गंभीरता वाढते.

आता स्वतःच्या घराविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीसाठी एक स्थळ आले होते. मुलगा उच्चशिक्षित, निर्व्यसनी, घरात नित्य बुद्धवंदना. माझ्या आईने एकच प्रश्न विचारला, “पोटजात कोणती?” उत्तर ऐकून ती गप्प झाली. मीही गप्प राहिलो आणि स्थळ मागे पडले. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मुलांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेणारा मी, माझ्याच घरात साडेबारा पोटजातींच्या यादीपुढे हरलो. रात्री मुलीने विचारले, “बाबा, मग शाळेत शिकवता ते काय?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्यांच्या भिंतीवर बोट ठेवताना आपल्या अंगणातील कुंपण आपल्याला दिसत नाही, हे मी त्या रात्री शिकलो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शहरात बौद्ध वधू-वर परिचय मेळावे भरतात आणि काही ठिकाणी अर्जात पोटजातीचा रकाना अजूनही असतो. तो रकाना काढून टाकावा, असा आग्रह आपण धरावा. अर्ज भरणाऱ्याने तो कोरा सोडावा. आणि मुलाने वा मुलीने बौद्ध समाजाबाहेर, कोणत्याही जातीत, जोडीदार निवडला तरी आपण त्यांच्या पाठीशी उभे राहावे. अहवालातील अक्षराचा अभिमान बाळगण्यापेक्षा हे काम कठीण आहे. पण १९१६ सालच्या त्या तरुण विद्यार्थ्याने जातीचे मर्म जिथे दाखवले, तिथेच ते करावे लागेल.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला आहे. ही मुले काही वर्षांत आपल्या वसतिगृहात दाखल होतील. जात पडताळणीच्या वंशावळीत आजही वडिलांकडच्याच नातलगांचे दाखले लागतात. निदान हजेरीपटावर आईचे नाव येईल, हेही थोडके नाही. गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गाला आईचे, तिच्या आईचे आणि तिच्याही आईचे नाव लिहायला सांगितले. बहुतेक मुले तिसऱ्या नावापाशी अडली. मीही फळ्यावर दोनच नावे लिहू शकलो. त्या सुट्टीत गावी जाऊन आईला विचारले. तिने जरा आठवून सांगितले, “भागीरथा.” माझ्या प्रत्येक पेशीत जो धागा आहे, तो त्या बाईने माझ्या आजीकडे सोपवला होता आणि पन्नाशी उलटेपर्यंत मला तिचे नाव ठाऊक नव्हते.

पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगेन की, तुझा अहवाल जपून ठेव. पण या वेळी घरी जाशील तेव्हा आईजवळ बस आणि तिच्या आजीचे नाव विचारून घे.

नमो बुद्धाय. जय भीम.